थंडीची राखण करणारा कारागीर

वाचकहो, आपल्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आपण पुष्कळदा गेला असाल. केसपेपर काढून बाकावर नंबराची वाट पाहत बसला असाल. पण तिथल्या एका आतल्या खोलीत, भिंतीपासून वीतभर पुढे सरकवून ठेवलेली, वरून झाकण उघडणारी एक पांढरी पेटी असते. तिच्याकडे आपले लक्ष गेले आहे का? पाहणाऱ्याला ती आइस्क्रीमच्या दुकानातल्या पेटीसारखी वाटते. त्या पेटीत आपल्या आणि आसपासच्या गावांतल्या लेकरांच्या लसी असतात. सपाटीच्या भागात साधारण तीस हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात वीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी दंडक आहे. तेवढ्या वस्तीत जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची लस या एका पेटीतून जाते. ही पेटी थंड ठेवणारा माणूस कोण, तो काय शिकलेला असतो, त्याचे दिवस कसे जातात आणि आपल्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी हे काम करू शकेल का, याविषयी आज थोडे बोलू.

थंड हवेचा मेकॅनिक म्हटले की आपल्यासमोर शहरातला एसीवाला येतो. सरकारी कचेरीतला मेकॅनिक म्हणजे साहेबांच्या खोलीतला एसी पुसणारा, असाही समज असतो. तेही काम असतेच. पण साहेबांचा एसी बंद पडला तर साहेबांना घाम येतो, एवढेच. जिल्हा रुग्णालयातल्या शस्त्रक्रियागृहाची हवा बिघडली तर त्या दिवशीची ऑपरेशने थांबतात. रक्तपेढीतले रक्त २ ते ६ अंश सेल्सिअसमध्ये राहिले पाहिजे, आणि रक्तातून वेगळा काढलेला प्लाझ्मा शून्याखाली ३० अंशांवर. शवागाराची पेटी बंद पडली तर काय होते, ते उन्हाळ्यात ज्याच्या घरी दुःख झाले आहे त्याला सांगायला नको. आणि सगळ्यांत दूरवर पसरलेले काम म्हणजे लसीचे, कारण ते जिल्ह्याच्या गावाहून थेट आपल्या उपकेंद्रापर्यंत येते. या माणसाला सरकारी भाषेत ‘शीतसाखळी तंत्रज्ञ’ म्हणतात. लोक त्याला फ्रीजवालाच म्हणतात, आणि तोही त्याचा राग मानत नाही.

साखळी म्हणण्याचे कारण सोपे आहे. लस कारखान्यातून निघते, मोठ्या सरकारी भांडारात येते, तिथून विभागाला, विभागातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून आरोग्य केंद्राला आणि शेवटी आरोग्यसेविकेच्या खांद्यावरच्या निळ्या-पांढऱ्या डब्यातून अंगणवाडीत. वाटेत एकच कडी तुटली तरी पुढच्या सगळ्या कड्या फुकट. बहुतेक लसींना २ ते ८ अंश सेल्सिअस एवढीच थंडी मानवते. पोलिओचे थेंब उष्णतेने सर्वांत लवकर बिघडतात. उलट कावीळ ‘ब’ची लस, पंचगुणी म्हणजे पेंटा, धनुर्वाताची लस, या गोठल्या की कामातून गेल्या. आपल्याकडे लोकांना उन्हाचे भय वाटते. गारव्याने काही बिघडत असेल असे मनातही येत नाही. द्राक्षबागाईतदाराला विचारा. कडाक्याच्या थंडीच्या रात्री तो बागेत शेकोट्या का पेटवतो? लसीचेही तसेच आहे. उन्हाळ्यात कुणी शहाणा ‘जरा जास्त गार होऊ द्या’ म्हणून पेटीची कळ फिरवतो, आणि तळाशी ठेवलेल्या बाटल्या गोठून जातात.

आता या सगळ्यातली खरी अडचण ऐका. बिघडलेले दूध नासते, वास येतो. बिघडलेल्या बियाण्याची उगवण होत नाही, आठ-दहा दिवसांत कळते. बिघडलेली लस मात्र बहुधा चांगल्या लसीसारखीच दिसते. बाळाला टोचली तर बाळ रडते, कार्डावर शिक्का पडतो, आई समाधानाने घरी जाते. लस मेलेली होती हे कळायचे तर गावात गोवर किंवा घटसर्प यावा लागतो. म्हणून या कारागिराचे काम मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्यासारखे नाही. गाडी चालू झाली की मेकॅनिकचे काम झाले. इथे पेटी आज चालू आहे, पण काल रात्री काय झाले होते, हा प्रश्न असतो.

पेटीची रचना एकदा समजून घ्या, कारण ती फार हुशारीची आहे. आपल्या घरच्या फ्रीजचे दार समोरून उघडते. गार हवा जड असते; दार उघडले की ती पायाशी सांडून जाते. लसीच्या पेटीचे झाकण वरून असते, म्हणून झाकण उघडले तरी हौदातल्या पाण्यासारखी गार हवा आतच राहते. शिवाय आतल्या भिंतींच्या कडेने बर्फाचे अस्तर असते. वीज असते तेव्हा हे अस्तर गोठते, वीज गेली की हळूहळू वितळत पेटी गार ठेवते. चोवीस तासांत सलग आठ तास वीज मिळाली तरी ही पेटी आपले काम निभावते. आपल्या भागातले भारनियमन लक्षात घेतले तर याचे मोल कळेल. शेजारी दुसरी पेटी असते ती डीप फ्रीझर. आरोग्य केंद्रात तिचा उपयोग बर्फाच्या चपट्या पिशव्या गोठवण्यासाठी. लस तिच्यात ठेवायची नाही.

आणि थंडी तयार कशी होते? ‘मशीन थंडी सोडते’ असे आपण म्हणतो. खरे पाहिले तर थंडी सोडता येत नाही, उष्णता बाहेर काढावी लागते. जुन्या विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन समजेल. मोट खाली जाते, पाणी भरून घेते, बैल ओढतात, वर थारोळ्यात पाणी ओतले जाते, मोट पुन्हा खाली. फ्रीजमधला वायू म्हणजे मोट. तो आतल्या नळ्यांत पसरतो तेव्हा पेटीतली उष्णता भरून घेतो; कॉम्प्रेसर म्हणजे बैलजोडी, ती त्याला दाबून मागच्या जाळीत आणते; तिथे तो उष्णता हवेत ओतून मोकळा होतो आणि पुन्हा आत जातो. मागच्या जाळीवर धुळीचा थर बसला किंवा पेटी भिंतीला चिकटवून ठेवली, तर ओतलेले पाणी पाटात तुंबावे तसे होते. म्हणूनच पेटी भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर दूर ठेवायची. कित्येक ‘बिघाड’ जाळी ब्रशने साफ केल्यावर संपतात.

यातूनच एक गोष्ट ध्यानात ठेवा, घरच्या फ्रीजलाही ती लागू आहे. मोट फाटल्याशिवाय गळत नाही. फ्रीजमधला वायू वापरून संपत नसतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी छिद्र आहे. ‘गॅस संपला, भरून देतो’ म्हणणारा आणि छिद्र न शोधणारा कारागीर दोन महिन्यांनी पुन्हा पैसे घ्यायला येणार. चांगला तंत्रज्ञ आधी नळीत नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने गळती शोधतो, झाळणे करतो, पंपाने नळीतली हवा आणि ओल ओढून काढतो आणि मगच मोजून वायू भरतो. या कामी ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही. कॉम्प्रेसरच्या तेलाशी दाबाखालच्या ऑक्सिजनची गाठ पडली की स्फोट होतो. जुन्या यंत्रांत आर-१२ नावाचा वायू असे. तो आकाशातल्या ओझोनच्या थराला खातो असे दिसून आल्यावर १९८७ साली मॉन्ट्रियलला देशोदेशींचा करार झाला, आणि आपल्या देशात २०१० पर्यंत तो बाद झाला. आताच्या पुष्कळ यंत्रांत जो वायू असतो तो स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ आहे, म्हणजे पेट घेणारा. तेव्हा जुन्या उस्तादाचे पाहून तोंडात विडी धरून काम करण्याचे दिवस गेले.

विजेचे दुखणे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. विजेचा दाब उतरला की विहिरीवरची मोटार गरम होते, गुरगुरते आणि जळते. मग वाइंडिंगचा खर्च. कॉम्प्रेसरही मोटारच आहे. म्हणून प्रत्येक पेटीला स्वतःचा स्टॅबिलायझर असतो. वीज गेली आणि लगेच आली, तर नळ्यांतला दाब उतरलेला नसतो आणि तेवढ्यात यंत्र सुरू करणे म्हणजे भरल्या गाडीला चढावर बैल जुंपणे. स्टॅबिलायझर त्याला काही मिनिटे थोपवून धरतो. ‘मधले खोके काढून सरळ जोडले तर लवकर गार होते’ असे म्हणून कुणी तो वगळला, की पुढच्या महिन्यात तंत्रज्ञाची फेरी ठरलेली.

त्याचा दिवस कसा असतो? समजा, सकाळी साडेआठला एखाद्या आरोग्य केंद्रातून फोन आला की पेटीतले तापमान १२ दाखवते आहे. तंत्रज्ञ पहिली सूचना फोनवरच देतो: झाकण उघडू नका, बर्फाच्या पिशव्या तयार असतील तर लस थंडपेटीत हलवा, गोठणाऱ्या लसीला कडक बर्फ भिडवू नका, पिशवी हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला पाहिजे. मग जिल्ह्याच्या भांडारातली गाडी मिळाली तर गाडीने, नाहीतर एसटीने, पिशवीत प्रेशर गेज, विजेचा प्रवाह मोजणारा चिमटा, रिले आणि एखादा थर्मोस्टॅट घेऊन तो निघतो. पोचल्यावर तो यंत्राआधी भिंतीतले सॉकेट पाहतो. कारण जाणत्याला ठाऊक असते की पेटी बंद पडते त्यात काही वेळा प्लग सैल झालेला असतो, काही वेळा झाडलोट करताना निघालेला, आणि कधी कुणीतरी मोबाईल लावण्यासाठी काढलेला. काम मोठे असेल तर बदली पेटी आणून ठेवायची आणि बिघडलेली कार्यशाळेत न्यायची. पावसाळ्यात घाटातल्या केंद्रावर हे करणे म्हणजे काय, त्याची कल्पना आपणच करा.

पण सर्वांत अवघड काम पान्ह्याचे नाही. पेटीच्या झाकणावर एक तक्ता असतो. रोज दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, रविवारी आणि सणालाही, तापमान पाहून त्यात लिहायचे आणि सही करायची. चांगला तंत्रज्ञ पेटी उघडण्याआधी हा तक्ता वाचतो. महिनाभर एकाच शाईत, एकाच हाताने ४, ४, ५, ४ असे लिहिलेले असेल आणि दिवाळीच्या चार दिवसांतही एकही आकडा हललेला नसेल, तर त्याला कळते की हे आकडे थर्मामीटरने नाही, माणसाने लिहिले आहेत. अशा वेळी काय करायचे? तो पदाने लहान. समोर वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माता, वर्षानुवर्षे ओळखीची माणसे. ‘यंत्र ठीक केले’ एवढे लिहून चहा घेऊन निघून जाणे सोपे असते. लस ठेवायची की बाद करायची हा निर्णय त्याचा नसतो; पण पेटी किती वेळ बंद होती हे आपल्या अहवालात खरे लिहिणे, हे त्याच्याच हातात असते. माझ्या मते या नोकरीत माणसाची परीक्षा इथे होते, आणि ती आयटीआयच्या परीक्षेत घेता येत नाही.

अलीकडे यात यंत्राची मदत आली आहे. २०१५ पासून ‘ईविन’ नावाची व्यवस्था देशात टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पेटीत बसवलेला मापक तापमान सतत नोंदवतो आणि मर्यादा ओलांडली की जबाबदार माणसांच्या मोबाईलवर संदेश जातो. लसीच्या पुष्कळ बाटल्यांवरही एक खूण असते: गोलात एक चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस वापरण्याजोगी. चौकोन गोलाइतका किंवा जास्त गडद झाला की बाटली बाद. ही खूण फक्त उष्णतेचे सांगते, गोठल्याचे सांगत नाही. बाळाला घेऊन जाल तेव्हा आरोग्यसेविकेला ‘ताई, जरा खूण दाखवता का?’ असे विचारायला संकोच करू नका. चांगली ताई आनंदाने दाखवील.

या थंडीने काय साधले त्याचे एक उदाहरण देतो. १९७८ साली आपल्या देशात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू झाला, १९८५ पासून तो सार्वत्रिक करण्याचे ठरून जिल्ह्याजिल्ह्यांत पेट्या पोचू लागल्या. १९९५ मध्ये पल्स पोलिओ आला. जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला तो देशातला निसर्गतः पसरलेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण ठरला, आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. उन्हाने सर्वांत लवकर मरणारी लस आपण एप्रिल-मेच्या उन्हातून वस्त्यांपर्यंत जिवंत नेली. पुढे १६ जानेवारी २०२१ ला कोविडची लस सुरू झाली, तेव्हा पुण्यात तयार झालेली कोविशील्ड आणि हैदराबादची कोव्हॅक्सिन या दोन्ही २ ते ८ अंशांत राहणाऱ्या होत्या, म्हणून त्याच जुन्या साखळीतून खेड्यापर्यंत आल्या. शून्याखाली ७० अंश मागणारी परदेशी लस आपल्या उपकेंद्रापर्यंत आली नसती.

गुरांच्या दवाखान्यालाही हे सारे लागू आहे. लाळ्या-खुरकुताची लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि गोठू द्यायची नसते. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस आपण गुरांना टोचून घेतली; तीही थंडीतच ठेवायची. कुणी ओळखीचा लसीची बाटली शर्टाच्या खिशात घालून गोठ्यात आला, तर त्याला चहा पाजा, पण बैलाला टोचू देऊ नका.

आता नोकरीकडे वळू. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. दहावीला गणित आणि विज्ञान बरे हवे. नंतर एखाद्या कारखान्यात किंवा खात्यात शिकाऊ उमेदवारी करावी. तिथे पगार विद्यावेतनापुरताच मिळतो, पण हात तिथेच बसतो. लसीच्या पेट्यांचे खास शिक्षण नोकरीत लागल्यावर पुण्याच्या राष्ट्रीय शीतसाखळी प्रशिक्षण केंद्रात मिळते. सरकारी इमारतींतले एसी बहुतेक सार्वजनिक बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेकडे असतात, आणि त्यातले बरेच काम हल्ली ठेकेदारामार्फत होते.

ही गोष्ट मी गोड करून सांगणार नाही. कायम जागा थोड्या आहेत. आरोग्य खात्यातल्या अनेक नेमणुका कंत्राटी असतात. मुदत संपत आली की पुढच्या आदेशाची वाट पाहायची. जिल्हा मोठा, माणूस एक. प्रवासभत्त्याचे बिल मागे राहते, खिशातले पैसे पुढे जातात. ‘सरकारी नोकरी’ एवढ्या दोन शब्दांवर मुलाला या वाटेने ढकलू नका. मात्र हा हुन्नर हाती असलेला माणूस नोकरीवाचून उपाशी राहत नाही, हेही तितकेच खरे. दूध संस्थांत दूध गार करणाऱ्या टाक्या आहेत, द्राक्ष-डाळिंबाची शीतगृहे आहेत, लग्नाच्या हंगामात बर्फाचे कारखाने आहेत. त्या प्रत्येकाला रात्री दोन वाजता येणारा कारागीर हवा असतो. मुलींनी हे काम करू नये असे मला वाटत नाही. झाळण्याच्या कामाला ताकदीपेक्षा स्थिर हात लागतो, आणि तक्ता वाचायला बारीक नजर.

मुलाला प्रवेश घ्यायचा ठरला तर अर्ज भरण्याआधी त्या संस्थेत एक चक्कर मारा. कार्यशाळेत आत जाऊन बघा. उघडून ठेवलेले कॉम्प्रेसर, तांब्याच्या नळ्यांचे तुकडे, झाळण्याची मशाल, व्हॅक्यूम पंप, नायट्रोजनची टाकी दिसते का? मुलांचे हात काळे आहेत का? मागच्या वर्षीची पोरे शिकाऊ उमेदवारीला कुठे लागली, ते मास्तरांना आणि शिपायाला वेगवेगळे विचारा. यंत्रांवर धूळ असेल आणि सगळे शिक्षण फळ्यावरच्या आकृतीत होत असेल, तर दुसऱ्या तालुक्यातली संस्था बघा, भाड्याचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील.